रोमानी, रूमी आणि आपला डोंबारी

‘रोमानी’ म्हटलं की रोम शहर किंवा रोमानिया आठवतो. पण या शब्दाचं दोघांशीही नातं नाही. रोमानी भाषेत ‘रोम’ म्हणजे माणूस, नवरा. भाषातज्ज्ञ त्याचं मूळ संस्कृत ‘डोम्ब’ मानतात. आपला ‘डोंबारी’ही त्याच मुळाचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी हे लोक भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनियामार्गे युरोपात पोहोचले. आजही ते नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’ आणि पाण्याला ‘पानी’च म्हणतात.

सूरह अर-रूम, मौलाना रूमी आणि आजोबांची रूमी टोपी यांतला ‘रूम’ मात्र वेगळा. तो पूर्व रोमन साम्राज्याचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडचा मुलूख.

युरोपने या लोकांना इजिप्तचे समजून ‘जिप्सी’ म्हटलं. पुढे ती शिवीच झाली. नाझींनी त्यांच्यातले लाखो मारले. बाल्कन भागातले कित्येक रोमा मुसलमान आहेत. १९७१ साली लंडनच्या जागतिक परिषदेत त्यांनी ‘जिप्सी’ नाकारून ‘रोम’ हे आपलं नाव पुढे केलं.

रत्नागिरीतही कुणाच्या धडपडीला आपण सहज ‘डोंबाऱ्याचा खेळ’ म्हणतो. वाईट नावं ठेवण्याबद्दलची ताकीद सूरह हुजुरातमध्ये (आयत ११) आहेच. पुढच्या वेळी तोंडातून हा शब्द निघण्याआधी ती आठवूया.