विमानातील केबिन कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान आणि जीवनशैली : एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या द्वितीय वर्षातील एखादी चुणचुणीत विद्यार्थिनी वर्गातून अचानक दिसेनाशी होते आणि वर्षभराने गळ्यात ओळखपत्र, केसांचा नेटका अंबाडा अशा वेषात शाखेच्या कार्यालयात आपला दाखला मागण्यासाठी येते, हा अनुभव मुंबई, ठाणे, पुणे या परिसरातील बहुतेक अध्यापकांना आलेला असेल. तिचे कौतुक करावे की शिक्षण अर्धवट सोडल्याबद्दल हळहळावे, हे आपणांस चटकन ठरविता येत नाही. त्याचे कारण असे की, या व्यवसायाविषयीची आपली माहिती बहुधा जाहिरातींतून आलेली असते किंवा पालकांच्या धास्तीतून, आणि या दोन्ही गोष्टी विश्वासार्ह नाहीत.

प्रस्तुत लेख सर्वेक्षणावर आधारलेला नाही. कार्यसमाधानाविषयीचे मान्य सिद्धांत, न्यायालयीन निवाडे, आरोग्यविषयक संशोधन आणि भारतीय हवाई वाहतुकीत गेल्या दोन-अडीच दशकांत घडलेल्या घटना यांच्या आधारे या व्यवसायातील समाधान नेमके कोठून येते आणि कोठे आटते, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कामाचे खरे स्वरूप

१९३० साली अमेरिकेतील बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीने एलन चर्च या प्रशिक्षित परिचारिकेस विमानात नेमले, तेथून स्त्री केबिन कर्मचाऱ्यांचा इतिहास सुरू होतो असे मानले जाते. आरंभीच्या या नेमणुका परिचारिकांच्याच होत्या, ही बाब सहसा विसरली जाते. प्रवाशाला धीर देणे आणि प्रसंगी त्याचा जीव वाचविणे हे मूळ काम होते. आदरातिथ्य त्यावर नंतर चढले.

आजही नियमांच्या दृष्टीने हे पद सुरक्षेचेच आहे. भारतात दर ५० आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी असावा लागतो. म्हणून १८० आसनांच्या एअरबस ए-३२० विमानात चार जण असतात, मग त्या उड्डाणात प्रवासी साठ असोत वा पावणेदोनशे. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्मी निर्गमनद्वारे बंद असताना ९० सेकंदांत ते रिकामे करता येते, हे सिद्ध करावे लागते. ते रिकामे करवून घेणारी माणसे म्हणजे हेच कर्मचारी. प्रशिक्षणात आग विझविणे, धुरात वाट काढणे, पाण्यावर उतरल्यास तराफा उघडणे, हृदयक्रिया बंद पडल्यास प्रथमोपचार करणे हे सारे येते आणि त्याची उजळणी दरवर्षी द्यावी लागते. ट्रॉली ढकलणे हा या कामाचा प्रवाशाला दिसणारा भाग आहे, इतकेच.

५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन अ‍ॅमच्या विमानाचे अपहरण झाले, तेव्हा नीरजा भनोत यांनी वैमानिकांना सावध केले आणि पुढे प्रवाशांना वाचविताना प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मात्र ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीवरून घसरून दुभंगले, दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले आणि चारही केबिन कर्मचारी बचावले, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथील दुर्घटनेत विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले. त्यांत दहा केबिन कर्मचारी होते आणि त्यांतील काहींची घरे मुंबई व तिच्या उपनगरांत होती.

समाधानाचे दोन स्रोत

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलेला द्विघटक सिद्धांत वाणिज्य व मानसशास्त्र शाखांतील अध्यापकांना परिचित आहे. वेतन, कामाची परिस्थिती, कंपनीचे धोरण हे घटक अपुरे असल्यास असमाधान निर्माण होते. पण ते पुरेसे असले म्हणून समाधान निर्माण होतेच असे नाही. समाधान येते ते कामगिरी, मान्यता, जबाबदारी आणि प्रगती यांतून. केबिन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या सिद्धांताचा विचार करताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. उमेदवाराला आकर्षित करणारे सारे घटक, म्हणजे गणवेश, भत्ते, चांगल्या हॉटेलातील मुक्काम, परदेश पाहण्याची संधी, हे पहिल्या गटातील आहेत. दुसऱ्या गटातील घटकांची जाहिरात कोणी करीत नाही.

परिणामी पहिली दोन-तीन वर्षे उत्साहात जातात. कमी वयात हाती पैसा येतो, घरात शब्दाला वजन येते, लहान गावातील मुलगी एकटी परक्या शहरात वावरू लागते. हा लाभ क्षुल्लक नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी म्हणाली की, घरच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जाऊ लागल्यापासून वडील तिला लग्नाविषयी विचारतात. पूर्वी फक्त सांगत असत. अर्थशास्त्रातील कोणत्याही कोष्टकात न मावणारे हे समाधान आहे.

त्यानंतर मात्र हॉटेल हे केवळ झोपण्याचे ठिकाण उरते. वरच्या जागा मोजक्या असतात : कनिष्ठ, ज्येष्ठ, केबिनप्रमुख, आणि फार थोड्यांसाठी प्रशिक्षक किंवा जमिनीवरील व्यवस्थापकीय पद. जे टिकतात व समाधानीही राहतात, त्यांचे समाधान बहुधा दुसऱ्या गटातून आलेले असते : आकाशात आजारी पडलेल्या प्रवाशाला सुखरूप उतरविणे, घाबरलेल्या वृद्धेला शांत करणे, अनोळखी चार सहकाऱ्यांचा अर्ध्या तासाच्या ब्रीफिंगनंतर एक गट होऊन जाणे.

येथे आर्ली हॉकशील्ड यांच्या अभ्यासाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी डेल्टा एअरलाइन्समधील कर्मचाऱ्यांच्या निरीक्षणावरून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. वेतनाच्या मोबदल्यात चेहऱ्यावर विशिष्ट भाव ठेवणे, इतकेच नव्हे तर तो भाव आतूनही उत्पन्न करण्याचा प्रयत्न करणे, हाही श्रमच होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उद्धट प्रवाशापुढे हसणारी व्यक्ती कालांतराने आपले खरे हसू कोणते, याविषयीच साशंक होते. हे विश्लेषण मार्मिक आहे, तथापि प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. केवळ हसावे लागते म्हणून माणूस खचत नाही. जे काम महत्त्वाचे म्हणून शिकविले गेले त्याचे मूल्यमापन होत नाही आणि मूल्यमापन होते ते हास्याचे, केशरचनेचे व अल्पदरी विमानांत विकलेल्या खाद्यपदार्थांचे, ही विसंगती अधिक खचविणारी आहे.

रोस्टर आणि शरीर

या व्यवसायातील जीवनशैलीचा केंद्रबिंदू म्हणजे रोस्टर. मुलीचा वाढदिवस, गणपतीचे पाच दिवस, दंतवैद्याची वेळ, सारे त्या कागदावर अवलंबून. त्यातही ‘स्टँडबाय’ म्हणजे घरी असूनही नसण्याचा दिवस : गणवेश इस्त्री करून, सामान भरून दूरध्वनीची वाट पाहायची. पहाटेच्या उड्डाणासाठी रात्री दोन-अडीचला गाडी दारात येते, आणि सोसायटीतील शेजारी त्यावरून काय बोलतात, याचा त्रास आजही अनेकींना होतो. मित्रपरिवार हळूहळू त्याच व्यवसायातील लोकांपुरता उरतो, कारण मंगळवारी दुपारी मोकळे असणारे दुसरे कोणी नसते.

मुंबई व न्यूयॉर्क यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. शरीराचे जैविक घड्याळ स्थूलमानाने दिवसाला तासाभरानेच सरकते. एक-दोन दिवसांच्या मुक्कामात ते तिकडचे होत नाही आणि परतल्यावर इकडचेही राहत नाही. देशांतर्गत उड्डाणांत कालविभाग बदलत नाहीत, म्हणून ते काम सोपे अशी समजूत आहे. वस्तुतः आज पहाटे चार, परवा रात्री अकरा आणि एका दिवसात तीन-चार वेळा चढ-उतार, हा क्रम कमी थकविणारा नाही. केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो आणि आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहून कमी. त्यामुळे त्वचा, डोळे व घसा यांच्या तक्रारी नित्याच्या.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींत विमान कर्मचाऱ्यांना होणारा वैश्विक किरणांचा संसर्ग हा व्यावसायिक संसर्ग मानावा, असे सुचविले. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. त्यांतील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ३.४ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसाधारण गटात २.३ टक्के आढळले. हे प्रमाण कर्मचाऱ्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि भारतीय कर्मचाऱ्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि आपल्याकडे नोकरी स्वीकारताना वजन-उंचीची चर्चा होते आणि या गोष्टींची होत नाही, एवढे नमूद करणे आवश्यक आहे.

वय, विवाह आणि न्यायालय

या व्यवसायाला तारुण्याचा व्यवसाय बनविण्याचे काम नियमांनीच केले. एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाई सुंदरीची सेवा वयाच्या ३५ व्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गर्भधारणेनंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा संपत असे. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असल्यास मुदतवाढ मिळे. त्याच विमानातील पुरुष फ्लाइट पर्सर मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होई. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८१ मध्ये गर्भधारणेची अट रद्द केली. ती भारतीय स्त्रीत्वाचा अवमान करणारी आहे, असे मत नोंदविले. मर्जीने मुदतवाढ देण्याचा अधिकारही रद्द केला. परंतु चार वर्षांच्या विवाहबंदीची अट न्यायालयाने कायम ठेवली आणि पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांचे संवर्ग वेगळे असल्याने सेवाशर्तींतील भेद हा भेदभाव ठरत नाही, असे मानले. स्त्री-अभ्यास केंद्रांत हा निवाडा विजय म्हणून शिकविला जातो. तो अर्धाच विजय होता, हेही शिकवावयास हवे.

पुढील लढे लांबले. विमानातील प्रमुख पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांना खुले करण्याच्या निर्णयास पुरुष कर्मचाऱ्यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते नोव्हेंबर २०११ मध्ये. म्हणजे कोणत्याही वरिष्ठ स्त्री कर्मचाऱ्याला कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करावे लागण्याची शक्यता नर्गेश मिर्झा निवाड्यानंतर तीस वर्षे होती. २००९ च्या आरंभी एअर इंडियाने वजनाच्या निकषावरून काही हवाई सुंदरींना सेवेतून कमी केले. समाधानाच्या चर्चेत ‘प्रगतीची संधी’ असा एक रुक्ष शब्दप्रयोग येतो; त्याच्या मागे हा इतिहास आहे.

वेतन आणि अस्थैर्य

वेतनाचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो आणि हे तास विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत मोजले जातात. प्रवासी चढत असताना, म्हणजे सामान, भांडणे व रडणारी मुले यांचा सर्वाधिक ताण असताना, हे घड्याळ बंद असते. अमेरिकेत डेल्टाने २०२२ पासून या वेळेचाही काही मोबदला देण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी प्रामुख्याने याच प्रश्नावर संप केला. मार्च २०२० मध्ये भारतातील प्रवासी उड्डाणे दोन महिने थांबली, तेव्हा तासांवर आधारलेल्या वेतनाचा अर्थ असंख्य कुटुंबांना एकाच महिन्यात कळला.

कंपन्यांचे आयुष्यही अल्प. किंगफिशर २००५ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश दिला. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी वैमानिकाला दुसरीकडे जागा मिळते. पस्तिशीतील केबिन कर्मचाऱ्याला मिळणे कठीण, कारण नवीन भरती बहुधा विशीतील उमेदवारांची असते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे अनेक कर्मचारी एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली, सुमारे २५ जणांना काढण्यात आले आणि दोन दिवसांत श्रम आयुक्तांच्या मध्यस्थीने परत घेण्यात आले. ज्या कामात नाराजी दाखविण्याची मुभा नसते, तेथे ती सामुदायिक तापाचे रूप घेते.

महाविद्यालयाच्या कार्यालयातील प्रश्न

केबिन कर्मचाऱ्यांच्या भरतीस बहुधा बारावी उत्तीर्ण एवढीच पात्रता पुरते. म्हणून पदवी अर्धवट सोडणे त्या क्षणी तोट्याचे वाटत नाही. तोटा जाणवतो तो दहा-बारा वर्षांनी, कंपनी बंद पडल्यावर किंवा दुसऱ्या अपत्यानंतर जमिनीवरील नोकरी शोधताना. दाखला मागण्यास आलेल्या विद्यार्थिनीला परावृत्त करण्याचे कारण नाही, आणि तो आपला अधिकारही नाही. परंतु सेवाकराराची प्रत वाचली आहे का, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, वेतनातील निश्चित भाग किती, हे तीन प्रश्न विचारता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. तिने पूर्ण केलेल्या सत्रांचे श्रेयांक त्या खात्यात नोंदले गेले आहेत किंवा नाही, हे दाखल्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पाहून घेता येते, आणि सात वर्षांनंतरचा दिनांक तिला कागदावर लिहून देता येतो.