घाऊक ऊर्जाबाजार, लेखांक ५ : वायू उतरला, मग वीज का नाही?

मागच्या लेखांकात नैसर्गिक वायूचा जागतिक भाव कसा ठरतो ते पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. नेदरलँड्समधील ‘टीटीएफ’ हा युरोपचा प्रमुख वायूबाजार. तेथे २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका मेगावॅट-तासाचा भाव ३०० युरोंच्या पलीकडे गेला होता. २०२४ ची सरासरी पस्तीसच्या आसपास आली. जर्मनीतील घाऊक विजेचा सरासरी भाव २०२० मध्ये सुमारे ३० युरो, २०२२ मध्ये सुमारे २३५ आणि २०२४ मध्ये ८० च्या जवळ होता. दोन्ही आलेख बरोबरीने चढले आणि बरोबरीने उतरले. हे पाहून आपल्याकडेही एक अपेक्षा बोलून दाखवली जाते की, जगात वायू उतरला तर भारतातील वीजही उतरायला हवी. या अपेक्षेला आधार नाही असे माझे मत आहे. आपल्या वीजबाजारात भाव मुख्यत्वे दिवसाच्या वेळेवर ठरतो, आणि वर्षाची किंवा महिन्याची सरासरी पाहणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

युरोपात वायू आणि वीज एकत्र का चालतात? तेथील लिलावात उत्पादकांच्या बोली स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या जातात. पवन, सौर आणि अणुवीज आधी, मग कोळसा, शेवटी वायू. त्या तासाची मागणी पुरी करायला जे शेवटचे, सर्वांत महाग केंद्र लागते, त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. हिवाळ्यातील संध्याकाळी हे शेवटचे केंद्र बहुधा वायूचे असते. म्हणून एकूण विजेत वायूचा वाटा थोडा असला तरी भावावर हुकूम त्याचाच चालतो. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त वाटतो: पवनचक्कीला इंधनखर्चच नाही, मग तिला वायूचा भाव का द्यायचा? पण ज्याला त्याला त्याच्या बोलीइतकेच पैसे देऊ म्हटले, तर कोणीही आपला खरा खर्च सांगणार नाही. शेवटचा भाव किती निघेल याचा अंदाज बांधून प्रत्येक जण त्याच्या जवळची बोली लावेल. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जून २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. वीजनिर्मितीसाठीच्या वायूचा हिशेबातील भाव त्यांनी सुरुवातीला ४० युरोंवर बांधून टाकला. घाऊक वीज स्वस्त झाली, ग्राहकांना दिलासा मिळाला. पण वायूवरची निर्मिती वाढली आणि ती स्वस्त वीज फ्रान्सकडेही वाहू लागली. टंचाई वायूची होती आणि उपायाने वायूचाच वापर वाढवला.

भारतात शेवटच्या केंद्राचे तत्त्व तेच आहे, फक्त त्या जागी वायू क्वचित असतो. गेल्या दशकात देशाची वायूवरची क्षमता सुमारे २५,००० मेगावॅट होती, तरी एकूण विजेत तिचा वाटा चार टक्क्यांच्या पुढे फारसा गेला नाही. साधा हिशेब करून पाहू. आयात केलेला द्रवरूप वायू एका एमएमबीटीयूला (वायू मोजण्याचे उष्णतेचे एकक) १२ डॉलर पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर खर्च होतो १,०२० रुपये. चांगल्या कम्बाइंड सायकल संचात तेवढ्या वायूतून साधारण १३५ युनिट वीज मिळते. म्हणजे युनिटला साडेसात रुपये, तेही नुसत्या इंधनाचे. वायूची देशांतर्गत वाहतूक, कर आणि स्थिर आकार वेगळे. खाणीजवळच्या औष्णिक केंद्राचा इंधनखर्च दोन-तीन रुपयांत भागतो. देशी वायू स्वस्त आहे, पण त्यावर पहिला हक्क घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीचा आहे, आणि तो क्रम योग्यच आहे. दाभोळच्या वीजप्रकल्पाने महाग किंवा अपुऱ्या इंधनाची किंमत दोनदा मोजली. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये महागड्या विजेच्या वादात वीजखरेदी थांबली. पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने प्रकल्प उभा राहिला, पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन कोसळले.

मग आपला भाव कोण ठरवतो? इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर पुढच्या दिवसाची वीज पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत विकली जाते. हे तुकडे सुटे सुटे वाचले की चित्र स्पष्ट होते. उन्हाळ्याच्या दुपारी सौरऊर्जा भरभरून येते आणि भाव दोन रुपयांच्या खाली घसरतो. सूर्य मावळल्यावर पंखे, वातानुकूलन यंत्रे आणि दिवे एकदम मागणी करतात, आणि तोच भाव नियामकाने घातलेल्या दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. अशा दिवसाची सरासरी साडेचार रुपये निघाली तर तिचा उपयोग काय? साडेचार रुपयांना वीज ना दुपारी विकली गेली, ना संध्याकाळी. घाऊक वीज स्वस्त झाली ही बातमी खरी असते. ती दुपारची असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर संध्याकाळच्या या तासांत युरोपातील वायूचे काम येथे कोयना करते. १,९६० मेगावॅटचे हे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चढवता-उतरवता येते. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून कोयनेच्या पाण्याची किंमत ते कोणत्या तासाला सोडले यावर अवलंबून असते. दुपारी वापरलेला थेंब बाजारात कवडीमोल ठरतो, तोच रात्री आठला दहा रुपयांची वीजखरेदी वाचवतो. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प हेच गणित उलट बाजूने साधतो: वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, टंचाईत खाली सोडायचे. राज्याला अशा साठवणुकीची गरज याच्या कितीतरी पट आहे.

यावर असे म्हणता येईल की, मग संध्याकाळपुरती तरी पडून असलेली वायूची केंद्रे चालवा. हे काही अंशी मान्य करायला हवे. मे-जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली वायूवरील केंद्रांना चालण्याचे आदेश दिले, आणि त्याच काळात, ३० मे रोजी, देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली. अशा दिवसांत आठ-नऊ रुपयांची वायूवीज भारनियमनापेक्षा शंभर पटींनी बरी. पण हा संकटकाळचा आधार झाला. २०२२ मध्ये आशियाई बाजारात वायू ५० डॉलरच्या वर गेला होता. त्या भावाने वरच्याच हिशेबात युनिटचे नुसते इंधन तीस रुपयांचे होते. रोजची संध्याकाळ अशा इंधनावर सोपवता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की एक्स्चेंजवर देशातील दहा टक्क्यांच्या आतबाहेरच वीज विकली जाते, बाकीची दीर्घ मुदतीच्या करारांतून येते. तेव्हा या भावाची एवढी चिंता कशाला? कारण वितरण कंपनी बाजारात जाते ती बहुधा करारातील वीज अपुरी पडली की, म्हणजे सर्वांत महाग तासांत, आणि तो खर्च इंधन समायोजन आकारातून ग्राहकाच्या बिलात उतरतो. कमाल मर्यादाही पुरेशी पडत नाही. मार्च २०२२ मध्ये भाव २० रुपयांना भिडल्यावर केंद्रीय नियामक आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची आणि पुढच्या वर्षी १० रुपयांची मर्यादा घातली. लूट थांबली हे खरे, पण मर्यादेमुळे एकही जादा युनिट तयार झाले नाही. ज्या तुकड्यांत भाव मर्यादेला टेकतो, तेथे मागणी बहुधा पुरवठ्याहून जास्त असते आणि काही खरेदीदार रिकाम्या हाताने परततात.

म्हणून माझा आग्रह असा, की वीजखरेदीच्या कराराचे मोल तो कोणत्या तासांची वीज देतो यावर ठरावे. नुसत्या सौर प्रकल्पांच्या कमी दरावर समाधान मानणारे नियोजन संध्याकाळचा खर्च पुढच्या बिलावर ढकलते. ग्राहकाच्या दरातही वेळेचा हाच विचार आला आहे: केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांतील दर जास्त ठेवायचा आहे. आपल्या परिसरात वीजदराची जनसुनावणी होईल तेव्हा सरासरी खरेदीदरावर थांबू नका. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या तासांची वीज कंपनीने किती रुपयांना घेतली, हा आकडा मागा.