खैरलांजी खटल्याचे अपील : जमिनीचा वाद, हेतू आणि कथनाचा आरंभ

न्यायालयाचे निकालपत्र हा कायद्याचा दस्तऐवज असतो, तसाच तो कथनाचाही एक प्रकार असतो. घटना कोठून सांगण्यास आरंभ करायचा याचा निर्णय न्यायाधीशालाही करावा लागतो आणि त्या निर्णयावर घटनेचा अर्थ पुष्कळ अंशी अवलंबून राहतो. गावातील जमिनीच्या वादातून उद्भवलेल्या खुनाच्या खटल्यांत ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते. प्रस्तुत लेखात खैरलांजी हत्याकांडाच्या अपिलाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात असलेल्या खैरलांजी गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध शेतकरी कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. केंद्रीय अन्वेषण विभागाने अकरा जणांवर आरोपपत्र दाखल केले. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी त्यांपैकी आठ जणांना दोषी ठरवले आणि २४ सप्टेंबर रोजी सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. मात्र अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील आरोप सिद्ध झाले नाहीत, असा निष्कर्ष काढला.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. अशा वेळी उच्च न्यायालय केवळ शिक्षेचा विचार करीत नाही, तर साक्षीपुरावा पुन्हा नव्याने तपासते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी खुनाची दोषसिद्धी कायम ठेवली, परंतु फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत केले. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, हा सत्र न्यायालयाचा निष्कर्षही कायम राहिला. हत्येमागे जातीय कारण नसून सूडाची भावना होती, असे न्यायालयाचे मत पडले. या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. अर्जदारांपैकी एक असलेले भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी निधन पावले.

येथे ‘उद्देश’ आणि ‘हेतू’ यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ठार मारण्याचा इरादा हा उद्देश, तर ज्या कारणाने तो मनात उत्पन्न झाला तो हेतू. प्रत्यक्षदर्शी साक्ष विश्वसनीय असेल तर हेतू सिद्ध न झाल्यानेही खुनाच्या दोषसिद्धीला बाध येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या ज्या कलमाखाली हा आरोप होता, त्याची गोष्ट वेगळी होती. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला, असे त्यात दाखवावे लागे. म्हणजे खुनाच्या कलमात जो हेतू गौण होता, तोच या कलमाचा प्राण होता.

मग हा हेतू कोठून शोधायचा? खैरलांजीची हकीकत तीन ठिकाणांहून सांगता येते. ३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाच्या एका आप्ताला मारहाण झाली. त्या प्रकरणी आई व मुलीने पोलिसांपुढे जबाब दिला आणि संशयितांना अटक झाली. ते जामिनावर सुटले त्याच दिवशी हत्याकांड घडले. येथून आरंभ केला तर कथा सूडाची होते. दुसरा आरंभ शेतातून होतो. कुटुंबाच्या सुमारे पाच एकर जमिनीतून रस्ता मिळावा अशी गावातील काहींची मागणी होती आणि त्यावरून जुना वाद होता. ही कथा वहिवाटीची. तिसरा आरंभ याहून मागचा आहे. इतर मागासवर्गीयांचे प्राबल्य असलेल्या गावात एक बौद्ध कुटुंब स्वतःची जमीन कसते, मुलांना शिकवते आणि हक्क सोडण्यास नकार देते. येथून पाहिले म्हणजे रस्त्याचा वाद व सूड ही जातिव्यवहाराचीच पुढील प्रकरणे ठरतात. अपिलात कायम झाली ती पहिली कथा.

न्यायालयाची अडचणही समजून घेतली पाहिजे. संशयापलीकडे सिद्ध झाल्याखेरीज न्यायालयाला काही मानता येत नाही, आणि घटनेला निकटचा असा हेतू सिद्ध करणे सर्वांत सोपे असते. दूरचे कारण पुराव्याच्या चाळणीतून गळते. भंडाऱ्याच्या पूर्वेस, भिलाई येथे २८ सप्टेंबर १९९१ रोजी झालेल्या कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येच्या खटल्यातही हेच दिसते. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये सहा जणांना दोषी ठरवले, त्यांत उद्योजकही होते. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. हात सिद्ध झाला, कट सिद्ध झाला नाही.

परंतु खैरलांजीत प्रश्न केवळ पुराव्याच्या उणिवेचा नव्हता, तर ‘जमिनीचा वाद’ व ‘जातीचे कारण’ हे दोन स्वतंत्र कप्पे मानण्याचाही होता. कायद्यालाच ही विभागणी मान्य नाही. १९८९ च्या मूळ अधिनियमातच अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन बेकायदा बळकावणे, तिला जमिनीतून हुसकावणे किंवा जमिनीवरील हक्कांच्या उपभोगात अडथळा आणणे हे अत्याचार म्हणून नोंदवले आहेत. जमिनीचा वाद हेच जातीच्या आविष्काराचे स्थळ असू शकते, हे विधिमंडळाने गृहीत धरले होते.

पुढील काळात या शब्दयोजनेचा पुनर्विचार झाला. २६ जानेवारी २०१६ पासून ‘या कारणावरून’ ऐवजी, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘हे माहीत असताना’ अशा अर्थाची तरतूद अमलात आली. आरोपीचा पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी परिचय असेल तर त्याला जात ठाऊक होती, असे न्यायालय आता गृहीत धरते. ज्या गावात कोणाची जात कोणापासून लपलेली नसते, तेथे या बदलाचे मोल फार आहे. तथापि २००६ च्या घटनेला तो लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाची दृष्टीही एकसारखी नाही. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात, जमिनीच्या वादातील तक्रारदार अनुसूचित जातीची आहे एवढ्यावरून अत्याचाराचा गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२१ मध्ये पाटण जमाल वली प्रकरणात, जात हे एकमेव कारण असले पाहिजे असा आग्रह विषमतेच्या वास्तवाशी विसंगत आहे, असे मत नोंदवले.

या कलमाखाली खुनासाठी होणारी शिक्षाही जन्मठेपेचीच आहे. तेव्हा खैरलांजीच्या अपिलात पणाला लागले होते ते शिक्षेचे वजन नव्हे, तर घटनेचे नाव. चार माणसे कोणी मारली, हे निकालपत्राने सांगितले. ती का मारली गेली, याचे उत्तर मात्र २६ दिवसांच्या कालखंडात बसवले गेले. भैयालाल भोतमांगे यांनी अखेरपर्यंत जी दाद मागितली, ती या उत्तराच्या अपुरेपणाविरुद्धही होती, असे म्हणावे लागते.