मैदानामागचा पैसा (लेखांक 9) : नव्या भिडूचा भाव

गेल्या लेखांकात आपण अमेरिकन फुटबॉलमधली ‘सॅलरी कॅप’ पाहिली. एनएफएलच्या 32 संघांपैकी कुणालाही खेळाडूंच्या पगारावर वर्षाला ठरावीक रकमेपलीकडे खर्च करता येत नाही. त्यावर रास्त प्रश्न असा की, एवढी वेसण असताना व्यावसायिक मैदानावर एकही सामना न खेळलेल्या पोरांना कोट्यवधी डॉलर कसे मिळू लागले?

2010चंच उदाहरण घेऊ. सॅम ब्रॅडफर्ड हा ओक्लाहोमा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. सेंट लुइस रॅम्सनी त्याला त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि सहा वर्षांचा 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला. त्यातले 5 कोटी गॅरंटीचे. या खेळात खरा आकडा गॅरंटीचाच. बाकीची रक्कम कागदावर असते आणि संघाने खेळाडूला मध्येच नारळ दिला की कागदावरच राहते. त्यानंतर दीडेक महिन्यात टॉम ब्रेडीने न्यू इंग्लंडशी करार वाढवला. तोवर तीन सुपर बोल विजेतेपदं त्याच्या नावावर होती. त्याची गॅरंटी 4 कोटी 85 लाख. नवशिक्यापेक्षा कमी!

हा भाव बोली लावून ठरला असता तर कोडं सोपं होतं. आपल्या आयपीएलमध्ये दोन मालक हट्टाला पेटले की आकडा चढतो. इथे लिलावच नाही, ‘ड्राफ्ट’ आहे. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी निवडतो आणि निवडलेल्या खेळाडूशी बोलणी फक्त त्याच संघाने करायची. गिऱ्हाईक एकच, म्हणजे भाव पडायला हवा. सुरुवातीला तो पडलेलाच होता. 1936च्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बर्वँगर. त्याचे हक्क शिकागो बेअर्सकडे गेले, पैशांवर जमलं नाही आणि तो एका रबर कंपनीत नोकरीला लागला. व्यावसायिक फुटबॉल तो कधीच खेळला नाही.

दुसरं गिऱ्हाईक आलं ते 1960मध्ये, एएफएल या प्रतिस्पर्धी लीगच्या रूपाने. 1965 साली न्यूयॉर्क जेट्सनी जो नेमथला 4 लाख 27 हजार डॉलर दिले आणि सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. पुढच्याच वर्षी दोन्ही लीगनी विलीनीकरणाचा करार केला. त्यामागे या स्पर्धेने रिकामे होणारे खिसे हे मोठं कारण होतं. 1967पासून ड्राफ्ट एकच झाला.

मग एकाच गिऱ्हाइकाच्या बाजारात नंतर भाव चढला कसा? माझ्या मते त्याचं उत्तर खेळाडूच्या गुणांत नाही, क्रमांकात आहे. एजंट बोलणीला बसताना गेल्या वर्षी त्याच क्रमांकावर निवडलेल्याचा करार समोर ठेवतो आणि त्यावर चार पैसे जास्त मागतो. त्याहून कमी घेतले तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे कोण येणार? संघाचीही अडचण होतीच. वर्षभर हरून मिळालेली पहिली निवड वाया घालवली, तर तिकीट काढणाऱ्यांना काय सांगायचं? ऑकलंड रेडर्सनी 2007मध्ये निवडलेला जमार्कस रसेल सरावालाच आला नाही. हंगाम सुरू झाल्यावर, 12 सप्टेंबरला, त्याने 6 कोटी 10 लाखांच्या करारावर सही केली. त्यात गॅरंटी 3 कोटींच्या वर. 2010च्या मे महिन्यात संघाने त्याला काढून टाकलं. पण करार फसत चालला होता म्हणून मधल्या काळात पुढच्याचा भाव उतरला असं झालं नाही. 2009मध्ये डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्डची गॅरंटी 4 कोटी 17 लाखांवर गेली.

बरं, नवख्यांसाठी पगारमर्यादेत वेगळी चौकट होती, पण ती पहिल्या वर्षाच्या हिशेबापुरती. म्हणून बोनस दुसऱ्या वर्षात ढकलायचा, कराराची वर्षं वाढवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची वही स्वच्छ! रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी तर दाखवून दिलं की, पैसे आणि खेळ यांचा मेळ घातला तर पहिल्या काही निवडी पुढच्या निवडींपेक्षा आतबट्ट्याच्या ठरतात. दुबळ्या संघाला हात द्यायला काढलेली योजना त्याच्याच गळ्यात लोढणं बांधत होती.

2011मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. साडेचार महिन्यांनी खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाला. त्यात नवख्याचा पगार क्रमांकानुसार जवळपास बांधून टाकला गेला. चार वर्षांचा करार, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. त्या वर्षी पहिला निवडलेला कॅम न्यूटन 2 कोटी 20 लाखांवर आला. ब्रॅडफर्डच्या एक तृतीयांशाहूनही कमी. संघटनेने हे मान्य का केलं? कारण मतदान करतात संघात असलेले खेळाडू. कॉलेजातल्या पोराला मत नाही. वाचलेला पैसा आपल्याकडे येईल, हे जुन्यांना दिसत होतं. एरवी एकजुटीची भाषा करणाऱ्या संघटनेने हा सौदा बिनबोभाट पदरात घेतला.

2025मध्ये टेनेसी टायटन्सच्या कॅम वॉर्डला मिळालेले 4 कोटी 88 लाख हे न्यूटनच्या दुपटीहून जास्त. मात्र या काळात पगारमर्यादाच 12 कोटींवरून 27 कोटी 92 लाखांवर गेली. दोघांचेही चार वर्षांचे पैसे एका वर्षाच्या मर्यादेशी ताडून पाहा, प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपासच निघतं. म्हणजे महागला तो सगळा खेळ, नवखा त्याच्याबरोबर वर गेला इतकंच. उलट आज खरा स्वस्त माल तोच. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी 2022च्या ड्राफ्टमधला शेवटचा, 262वा खेळाडू. वर्षाला दहा लाखांपेक्षा कमी पगारात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. 2025मध्ये त्याच संघाने त्याला पाच वर्षांसाठी 26 कोटी 50 लाखांचा करार दिला.

आकडा बांधला गेल्यावर घासाघीस गॅरंटीकडे वळली. पहिल्या फेरीत ती पूर्ण मिळू लागली होती, दुसरीत नव्हती. 2025च्या मे महिन्यात ह्यूस्टन टेक्सन्सनी चौतिसाव्या क्रमांकावर निवडलेल्या जेडन हिगिन्सला पूर्ण गॅरंटी दिली. मग तेहतिसाव्या कार्सन श्वेसिंजरला क्लीव्हलंडलाही ती द्यावी लागली. त्यांच्यामागचे सगळे अडून बसले. जुलैच्या मध्यापर्यंत दुसऱ्या फेरीतल्या 32पैकी 30 जणांचे करार व्हायचे होते. अखेर न्यू ऑर्लिन्सने चाळिसाव्या क्रमांकाच्या टायलर शकचे 1 कोटी 8 लाख पूर्ण गॅरंटीने मान्य केले आणि कोंडी फुटली. 2026मध्ये चाळिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा एजंट बोलणीला येईल, तेव्हा त्याच्या हातात हाच कागद असेल.