विद्यार्थ्यांच्या सुखाचे मापन

मुलाची उंची मोजावयाची असेल तर एक मोजपट्टी पुरते. ती पट्टी टोकियोत वापरली काय किंवा मेक्सिकोत वापरली काय, सेंटिमीटरची लांबी बदलत नाही. परंतु तेच मूल शाळेत सुखी आहे की नाही, हे मोजावयाचे ठरविले म्हणजे अशी तयार पट्टी कोठेही सापडत नाही. येथे मोजपट्टीचे काम प्रश्नाला करावे लागते, आणि प्रश्न कोणत्या तरी भाषेतच विचारावा लागतो. शिवाय उत्तर देणारे मूल एका विशिष्ट समाजात वाढलेले असते. आपल्या सुखदुःखाविषयी परक्यापाशी किती बोलावे, हे त्या समाजाने त्याला आधीच शिकविलेले असते.

या कामी शिडीचे साधन प्रसिद्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी भारतासह अनेक देशांत ते वापरले व त्याचे निष्कर्ष १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर स्वतःच्या कल्पनेतील उत्तमोत्तम जीवन, तळाशी अत्यंत वाईट जीवन; आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, एवढेच उत्तर देणाऱ्याने सांगावयाचे. याच धर्तीचा, ० ते १० अशा श्रेणीचा एक प्रश्न आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने आपल्या ‘पिसा’ या परीक्षेच्या २०१५ सालच्या फेरीत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारला. संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी ७.३ आली. मेक्सिकोची ८.३, दक्षिण कोरियाची ६.४ आणि तुर्कस्तानची ६.१ होती.

याच फेरीत विज्ञान विषयात कोरियाच्या विद्यार्थ्यांना सरासरी ५१६ व मेक्सिकोच्या विद्यार्थ्यांना ४१६ गुण मिळाले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की अभ्यास वाढला म्हणजे सुख घटते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु फिनलंडचे विज्ञानातील गुण ५३१, म्हणजे कोरियाहूनही अधिक होते, आणि तेथील समाधानाची सरासरी ७.९ होती. तेव्हा हा निष्कर्ष टिकत नाही. मग कोरिया व मेक्सिको यांच्यातील अंतरापैकी किती अंतर प्रत्यक्ष जीवनातील आणि किती केवळ उत्तर देण्याच्या पद्धतीतील, असा प्रश्न उरतो.

उत्तराच्या पद्धतीचा परिणाम काल्पनिक नाही. जपानमधील सेंदाई, तैवानमधील तैपेई, अमेरिकेतील मिनिआपोलिस आणि कॅनडातील अल्बर्टा येथील विद्यार्थ्यांची तुलना करणारे एक संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. जपानी व चिनी विद्यार्थी श्रेणीचा मध्यबिंदू अधिक वेळा निवडतात, तर अमेरिकन विद्यार्थी टोकाची उत्तरे अधिक देतात, असे त्यात दिसून आले. मात्र हे फरक लहान होते आणि त्यांमुळे सरासरींची तुलना उलटीपालटी झाली नाही, हेही त्याच संशोधनाने दाखविले. सारांश, सांस्कृतिक फरकाकडे दुर्लक्ष करणे जसे चुकीचे, तसेच प्रत्येक अंतर संस्कृतीच्या नावावर टाकून मोकळे होणेही चुकीचेच.

दुसरी अडचण भाषांतराची. एका शब्दाने काय घोटाळा होऊ शकतो, हे भारतीय भाषांवरूनच ध्यानात येईल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द दंड या अर्थाने रूढ आहे. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे एखाद्या समस्येची उकल. मराठीत ती मनाची तृप्ती. हिंदी प्रश्नावलीतील हे शब्द जसेच्या तसे मराठीत उतरविले, तर मुलाचे उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरेल. म्हणूनच ‘पिसा’मध्ये मूळ मजकुराची दोन स्वतंत्र भाषांतरे करवून ती ताडून पाहिली जातात.

शब्द जुळले तरी मापन जुळतेच असे नाही. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ तीन कसोट्या लावतात. निरनिराळ्या देशांत प्रश्नांचे गट सारख्याच रीतीने बांधले जातात काय? श्रेणीवरील एका घराचे मोल सर्वत्र सारखे आहे काय? आणि श्रेणीचा आरंभबिंदू एकच आहे काय? सेल्सिअस व केल्विन या तापमापनाच्या पद्धतींत एका अंशाचे मोल सारखेच असते, पण शून्य निराळे. त्यामुळे एकीतील २७ म्हणजे दुसरीतील सुमारे ३०० होतात. तिसरी कसोटी उतरली नसताना दोन देशांच्या सरासरी शेजारी मांडणे, हे २७ पेक्षा ३०० अधिक उष्ण आहे असे म्हणण्यासारखे आहे.

याहून मूलभूत प्रश्न असा, की सुख म्हणजे तरी काय? ‘मी माझ्या जीवनाविषयी समाधानी आहे’ या वाक्यात व्यक्ती केंद्रस्थानी आहे. जपानी संशोधक हिदेफुमी हितोकोतो व युकिको उचिदा यांनी २०१५ साली एक निराळी श्रेणी मांडली. भोवतालच्या माणसांशी सलोखा, आपल्यामुळे इतरांना होणारा आनंद आणि इतरांच्या बरोबरीने लाभलेले साधेसुधे जीवन, यांवर तिचा भर आहे. एका श्रेणीत मागे पडलेला विद्यार्थी दुसरीत मागे पडेलच असे नाही.

या सर्व चर्चेमागे व्यवहाराची गरज उभी आहे. आकडे चांगले दिसले की शासन निश्चिंत होते, आणि नम्रतेने मधली पायरी निवडणाऱ्या मुलांमध्ये खरोखर खचलेले मूल दिसेनासे होते. ‘पिसा’त केवळ शाळेत नाव असलेल्या मुलांनाच प्रश्न विचारले जातात, ज्याची शाळा सुटली, त्याची पायरी कोणत्याही सरासरीत येत नाही. म्हणून देशांची क्रमवारी लावण्यापेक्षा एकाच देशातील स्थिती वर्षानुवर्षे पाहणे अधिक उपयुक्त होय. मुलाला झोप पुरेशी मिळते काय, ते उपाशीपोटी शाळेत येते काय, वर्गात त्याला कोणी छळते काय, अशा ठोस प्रश्नांची जोडही त्याला दिली पाहिजे. शिडीवरील आकडा हा संभाषणाचा आरंभ आहे. त्यालाच उत्तर मानले, तर विचारण्याचा हेतूच वाया जाईल.