कऱ्हेकाठची सायकलवाट

प्रवासाचा वेग वाढला म्हणजे प्रवासी कमी थांबतो, आणि प्रवासी कमी थांबला म्हणजे त्याच्या खिशातील पैसा वाटेवरच्या गावात पडत नाही. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नसली, तरी जुन्या रस्त्यावरील ओस पडलेल्या धर्मशाळेकडे पाहिले की ती उमगते. पुण्याहून मोटारीने जेजुरीस जाणारे कुटुंब सकाळी निघते, गडावर भंडारा उधळते आणि दुपारच्या जेवणाला घरी परतते. पेट्रोलवर खर्चलेला पैसा तालुक्यात राहत नाही. गावाच्या वाट्याला येते ती खोबरे-भंडाऱ्याची विक्री, वाहनतळाची पावती आणि मागे उरलेला कचरा. पर्यटनाने ग्रामीण भागाचा विकास होतो असे शासकीय पत्रकांतून वारंवार सांगितले जाते. तेव्हा कोणत्या पर्यटनाने, हा प्रश्न विचारावयास हवा.

या प्रश्नाचे एक उत्तर सायकल हे आहे. सायकलने देशाटन करणारा माणूस दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर जातो. त्याला ओझे नेता येत नाही, म्हणून तो पाणी, चहा, फळे, जेवण सारे वाटेवरच घेतो. चढ चढून आलेल्या माणसाची भूक मोटारीतून उतरलेल्या माणसाच्या भुकेहून किती मोठी असते, हे कोणताही खाणावळवाला सांगेल. शिवाय संध्याकाळ झाली की त्याला मुक्काम करावाच लागतो. त्याचा खर्च थोडा असेल, पण तो पाच-सहा गावांत विखुरतो आणि बहुतांशी तेथेच राहतो.

हे केवळ तर्काने काढलेले अनुमान नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आगगाडी आली, घोडागाड्यांची टपालवाहतूक बंद झाली आणि त्या वाहतुकीवर जगणाऱ्या हमरस्त्यावरील खाणावळी मोडकळीस आल्या. त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले ते सायकलस्वारांच्या रूपाने. १८७८ साली तेथे सायकलप्रवाशांचा क्लब स्थापन झाला. या क्लबने गावोगावच्या खाणावळवाल्यांशी दर ठरवून घेतले, पसंत पडलेल्या खाणावळीच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावली आणि सभासदांसाठी मार्गदर्शक पुस्तिका छापल्या. धोक्याच्या उतारावर सूचनाफलक उभारण्याचे कामही सायकलस्वारांच्या संस्थांनीच केले. चांगल्या रस्त्यांची मागणी करणारी संघटना १८८६ साली निघाली, ती सायकलस्वारांच्या पुढाकाराने. त्यावेळी मोटार रस्त्यावर यावयाची होती. सायकलस्वाराने मागून घेतलेल्या रस्त्यावरून पुढे मोटारीने त्यालाच कडेला लोटले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

महाराष्ट्रात असा प्रदेश शोधावयाचा झाल्यास फार लांब जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या दक्षिणेस दिवे घाट चढून गेले की कऱ्हेचे खोरे लागते. गराड्याच्या बाजूस उगम पावलेली ही लहानशी नदी सासवड, जेजुरीचा परिसर, मोरगाव आणि बारामती असा प्रवास करून सोनगावजवळ नीरेस मिळते. सासवडपासून बारामतीपर्यंतचे अंतर सुमारे ७० किलोमीटर, आणि तेवढ्यात जमीन अदमासे २०० मीटर खाली येते. म्हणजे एकूण उतार सौम्य. मध्ये मध्ये माळाचे चढ आहेत, पण छाती फुटावी असे नव्हेत. पर्जन्यछायेचा हा मुलूख असल्याने हिवाळ्यातील हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवाळीच्या सुमारास वाटेवर सीताफळांच्या पाट्या दिसतात, पुढे अंजिरे येतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु ते अंजीर शेतकऱ्याच्या हातून घेऊन बांधावर बसून खाणारा प्रवासी मोटारीच्या काचेआड सापडणे कठीण.

या सत्तर किलोमीटरांत इतिहास किती दाटला आहे, हे पाहण्यासारखे आहे. सासवडला कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. जवळच चांगावटेश्वर आहे, आणि गावात सोपानदेवांची समाधी आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली याच गावी निवर्तले. आचार्य अत्रे यांचा जन्म शेजारच्या कोडीतचा, आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते याच नदीच्या पाण्याचे. नैर्ऋत्येस पुरंदर उभा आहे. १६६५ च्या जूनमध्ये त्याच्या पायथ्याशी तह होऊन तेवीस किल्ले मोगलांकडे गेले. त्या वेढ्यात मुरारबाजी पडला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण तेथे मोगलांचे सैन्य का अडकून पडले हे शाळेच्या पुस्तकावरून कळत नाही. सासवडच्या माळावरून त्या डोंगराकडे तासभर पायडल मारीत गेले की कळते. टी. ई. लॉरेन्स याने ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना फ्रान्समधील मध्ययुगीन किल्ले सायकलवरून हिंडून पाहिले होते, आणि त्यातूनच त्याचा किल्ल्यांवरील प्रबंध उभा राहिला. आपल्या महाविद्यालयांच्या सहली मात्र अजून बसगाडीतून उतरत नाहीत.

पुढे नदीकाठी पांडेश्वराचे विटांचे जुने मंदिर आहे. मोरगावचा मयूरेश्वर अष्टविनायकांतील पहिला म्हणून गर्दी खेचतो. पण तेथून फार दूर नसलेल्या लोणी भापकर येथील पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहावयास किती जण जातात? तसे पाहता लोणी भापकर हीच या मार्गाची खरी कसोटी आहे. प्रसिद्ध देवस्थानाला सायकलस्वाराची गरज नाही. ती आहे अशा गावाला, ज्याच्याजवळ दाखविण्यासारखे शिल्प आहे पण रात्री उतरावयास खोली नाही. वाटेच्या शेवटी बारामती लागते, जेथे कवी मोरोपंतांचे आयुष्य गेले.

मुक्कामामुक्कामाने जाण्याची रीत या मुलखाला परकी नाही. आषाढात माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे असे टप्पे घेत जाते, आणि प्रत्येक मुक्कामाचे गाव हजारो माणसांची सोय करते. संथ प्रवाशाची व्यवस्था कशी लावावी हे या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. शेतकऱ्याच्या घरातील एक स्वच्छ खोली, भाकरी-पिठल्याचे जेवण, सायकल ठेवण्यास कुलूपबंद पडवी आणि गावात पंक्चर काढणारा एक मुलगा, एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहू शकतो. यास कोट्यवधींचा प्रकल्प अहवाल लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कोणी केलेला नाही.

अडचणी नाहीत असे नव्हे. पहिली अडचण मोटारींच्या वेगाची. पालखी मार्गाचे रुंदीकरण झाले ते वारकऱ्यांच्या नावाने, पण रुंद रस्त्यावर वर्षभर धावतात ती जड वाहने, आणि जुनी सावली देणारी झाडे त्यात गेली. सायकलस्वाराने हमरस्ता टाळून नदीकाठच्या आडरस्त्याने जावे हे खरे. पण त्या रस्त्यांवर ना फलक आहेत, ना पाण्याची सोय. दुसरी अडचण पुण्यातून बाहेर पडण्याची. एस्. टी.च्या टपावर सायकल बांधून नेण्याची सोय एकेकाळी होती. आताच्या बहुतेक गाड्यांना टपावर जाण्याची शिडीच नसते. पुणे-मिरज लोहमार्ग जेजुरीवरून जातो, परंतु प्रवाशाबरोबर सायकल चढविता येईल असा डबा त्यावर नाही. ज्या पुण्याची ओळख एकेकाळी सायकलींचे शहर अशी होती, जेथे दिव्यावाचून सायकल चालविणाऱ्यास पोलीस अडवीत, त्या शहरातील माणसास आज सायकल घेऊन शहराबाहेर पडणे हाच मोठा घाट झाला आहे.

तिसरी गोष्ट अडचणीहून अधिक गंभीर आहे. पुरंदर तालुक्यातील सात गावांच्या जमिनीवर विमानतळ बांधण्याची शासनाची योजना आहे. महात्मा फुले यांच्या घराण्याचे खानवडी त्या गावांत आहे. २०२५ साली संपादनाची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी कडवा विरोध केला. विमानतळ असावा की नसावा हा वाद येथे सोडविता येणार नाही. परंतु विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी नव्हे. त्याच्याभोवती गोदामे, हॉटेले आणि जोडरस्ते येतात आणि जमिनीचे भाव एकदा वाढले की अंजिराची बाग ठेवणे मालकाला परवडत नाही. म्हणून या खोऱ्यातील आडरस्त्यांचा नकाशा आजच करावयास हवा. ज्या रस्त्यांचे काम पुढे निघेल त्याच्या अंदाजपत्रकात कडेची दीड मीटर पट्टी आणि दुतर्फा झाडे ही दोन कलमे आधीच घातली, तर खर्च थोडका येतो. रस्ता पुरा झाल्यावर तीच पट्टी काढावयाची म्हटले तर पुन्हा जमीन घ्यावी लागते, आणि तेव्हा ती शेतीच्या भावाने मिळणार नाही. नकाशा, फलक आणि मुक्कामाच्या खोल्यांची यादी हे काम तर सासवड किंवा बारामतीच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थी एका हिवाळ्यात, सायकलवरूनच, करू शकतील.