मेळघाटात निघालेलं लेकरू आणि सिकलसेलचं कार्ड

कॉलेजात पर्यावरणाचा विषय सक्तीचा आहे, हे घरी सहसा प्रोजेक्टचे पैसे मागितल्यावरच कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना तो लावला. नदी, तळे, जंगल स्वतः पाहून नोंदी करायच्या, हेही त्यात आहे. बरीच मुले झेरॉक्सच्या दुकानातून जुनी वही आणून उतरवतात. काही कॉलेजे मात्र मुलांना खरेच मेळघाटात नेतात. तिवशाच्या कपाशी-सोयाबीनच्या सपाट रानात वाढलेल्या पोरांना तो घाट, ते सागाचे जंगल सगळेच नवे असते.

मग वस्तीतली एखादी माय विचारते, "ताई, पोरीला सिकलसेल आहे, पाठवू का?" मी आधी कार्ड मागते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडे दोघांनाही सरसकट 'सिकलसेलवाली' म्हणून घरात बसवतात.

हा आजार जंगल, पाणी आणि डासाशी कसा जोडलेला आहे, हे एका विद्यार्थ्यानेच दाखवले. अँथनी अ‍ॅलिसन केनियात वाढला, ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि 1949 मध्ये विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर केनियात परतला. पथकातले बाकीचे झाडे-प्राणी पाहत होते, हा लोकांचे रक्त तपासत होता. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराजवळ वाहक भरपूर. उंच, थंड भागात जवळजवळ नाहीतच. जिथे मलेरिया, तिथे सिकलसेल. वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे त्याने 1954 मध्ये मांडले. आपल्या भागात हे रक्तदोष 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी नोंदवले. म्हणजे हा कुणाचा शाप नाही, बाहेरबाधाही नाही. पिढ्यानपिढ्या डासांच्या मुलखात जगलेल्या माणसांच्या रक्तातली ती खूण आहे. कोरकूंमध्येही ती सापडते.

तेव्हा वाहक पोरीला बिनधास्त पाठवा. घाट चढताना पाणी पीत राहावे, एवढेच. पण मच्छरदाणी तिलाही हवी. वाहकाला मलेरिया होतच नाही असे नाही.

एसएस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ती गोळीही, पिशवीत मोजून द्या. चिखलदरा साधारण 1100 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा असतो. स्वेटर, कानटोपी हवीच. थंड पाण्याने आंघोळ, ओढ्यात डुंबणे नाही. थंडी, दमणूक आणि पाणी कमी पडणे, यांनीच हाडे ठणकायला लागतात. सोबतच्या सरांना-मॅडमना कार्ड दाखवून ठेवा. लपवू नका, बाप्पा! ताप आला किंवा छातीत दुखले, दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना.

आणखी एक, हे सगळ्याच मुलांसाठी. गवतातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले. गवतावर लोळू नये, पायात मोजे, पूर्ण पॅन्ट. सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आली तर काख, जांघ, कमरेभोवती सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते का पाहा. खपली नसली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. यावर डॉक्सीसायक्लीन नावाची स्वस्त गोळी आहे, वेळेत मिळाली तर ताप लवकर उतरतो. पण ती डॉक्टरांनी द्यायची, म्हणून केसपेपर काढतानाच सांगा की पोरगं मेळघाटात जाऊन आलं आहे.